गळा माझा, आवाज कुणाचा?

परमेश्वरानं माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, नाकपुड्यासुद्धा दोन दिल्या. गळा मात्र एकच दिला. यामागं त्याचा काहीतरी हिशेब असला पाहिजे. एका गळ्यातून निघणारा आवाज दोन कानांना पुरून उरतो, हे त्याला आधीच ठाऊक असणार. पण देवाचा हिशेब माणसाला कधी पटलाय? त्यानं कॉम्प्युटर काढला, त्यात आवाजाची कापाकापी करणारं सॉफ्टवेअर घातलं, आणि आता ज्याला स्वतःचा एक गळा धड सांभाळता येत नाही, तोसुद्धा खिशात चाळीस गळे घेऊन हिंडतो.

तसं बघितलं तर आवाज बदलण्याची हौस जुनीच. टेबलफॅनच्या तोंडाशी तोंड नेऊन 'आऽऽ' करणं, हा आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीतला सर्वांत स्वस्त करमणुकीचा कार्यक्रम होता. पंख्याची पाती आवाजाचे तुकडे करून परत पाठवत आणि आपण क्षणभर परग्रहावरचे रहिवासी होत असू. रिकाम्या रांजणात डोकं घालून बोललं की चौथीतला पोरगाही कीर्तनकार वाटे. विहिरीत वाकून स्वतःचं नाव घेणं हा तर कुळाचारच. त्यातही एक गंमत होती : पाणी जितकं खाली, तितका प्रतिध्वनी झकास. त्यामुळं दुष्काळी सालात आमच्या मराठवाड्यात बाकी कशाची टंचाई असली तरी प्रतिध्वनीची नसे. पुढं घरात टेपरेकॉर्डर आला. त्याचे सेल उतरले की नायिका हळूहळू खलनायकाच्या आवाजात विरहगीत गाऊ लागे. ती बिचारी थकली, असं वाटून आम्ही सेल उन्हात ठेवायचो.

या सगळ्या प्रकारांत एक सोय होती. पंखा बंद केला की आवाज जागेवर यायचा. विहिरीपासून दूर झालं की माणूस पुन्हा माणसासारखा बोलू लागायचा. आता तसं राहिलेलं नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथं आहे.

'ऑडॅसिटी' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी ते सुरू केलं आणि २००० साली लोकांना फुकट देऊन टाकलं. ऑडॅसिटी म्हणजे धाडस. आगाऊपणा असाही अर्थ होतो. नाव ठेवणारा माणूस प्रामाणिक असला पाहिजे. त्यात आवाज उलटा करता येतो, बारीक करता येतो, जाड करता येतो, ताणता येतो. 'रिव्हर्ब' म्हणून एक प्रकार आहे; त्यानं आपला आवाज वाटेल त्या खोलीत नेऊन बसवता येतो. त्यात तयार नमुने दिलेत : लहान खोली, मोठी खोली, चर्च आणि बाथरूम! अखिल मानवजात न्हाणीघरातच उत्तम गाते, हे सत्य शेवटी शास्त्रानं मान्य केलं. बादली तेवढी आपण आणायची. आणखी एका इफेक्टचं नाव 'वाहवाह'. ही वाहवा मिळवायला पूर्वी गवयाला वीस वर्षं रियाज करावा लागे. आता ती यादीतून निवडायची.

गाण्यातून गायक काढून टाकायची सोयही त्यात आहे. ती कशी चालते, हे कळल्यावर मी कॉमर्सचा पदवीधर असल्याचा मला प्रथमच अभिमान वाटला. स्टिरिओ गाण्यात डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. मुख्य गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच टाकलेला असतो. मग एक बाजू उलटी करायची आणि दोन्हींची बेरीज मारायची. डावीकडं जमा, उजवीकडं नावे, शिल्लक शून्य! गायक खात्यातून नाहीसा. मधोमध बसवलेला ढोल असेल तर तोही त्याच्याबरोबर जातो. एका बाजूला बसलेले व्हायोलिनवाले तेवढे उरतात. कॉमर्सचे आमचे सर याला द्विनोंदी पद्धत म्हणत.

या सॉफ्टवेअरशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. वैर आहे ते त्याच्या वापराशी, आणि त्यातही तीन गोष्टींशी. तिन्ही क्रमानं मांडतो; बँकेतल्या माणसाला क्रमांकाशिवाय बोलता येत नाही.

पहिली तक्रार एकोची. आमच्याकडं याला 'एको' म्हणतात, आणि हा एको जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक रिक्षात, टेम्पोत आणि मंडपात मुक्कामाला आलाय. सेल लागला, दवाखाना उघडला, बियाण्याचं नवं वाण आलं, कुणी निवडणुकीला उभं राहिलं, की रिक्षा निघते आणि आकाशवाणी होते. एकोचं तंत्र असं की आपलाच आवाज थोड्या वेळानं पुन्हा ऐकवायचा, जरा हळू. मग पुन्हा, आणखी हळू. ऑडॅसिटीत आपण काही बदललं नाही तर एका सेकंदानं अर्धा आवाज परत येतो, मग त्याच्या अर्धा, मग त्याच्याही अर्धा. हा सरळसरळ घटत्या शिलकेवरचा घसारा आहे, दर ५० टक्के. आणि त्या पद्धतीत मालमत्तेची किंमत कधीच शून्य होत नाही, हे बी. कॉम. झालेल्या कुणालाही विचारा. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर गेल्या निवडणुकीतला 'प्रचंड बहुमतानं' अजून मोंढ्यात कुठंतरी फिरत असणार.

निसर्गातला प्रतिध्वनी निदान अंतर राखून असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरवर तरी असली पाहिजे, तेव्हा कुठं आपला शब्द वेगळा होऊन परत ऐकू येतो. विजापूरचा गोलघुमट शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी पाहिलाय. तिथं एकदा मारलेली हाक पुन्हा पुन्हा ऐकू येते म्हणून लोक लांबून येतात. पण गोलघुमटात उभं राहून पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक सांगायचं आदिलशहाच्या मनातही आलं नव्हतं. ते आमच्या गल्लीत घडतं. मराठी माणूस सेकंदाला चारपाच अक्षरं सहज बोलतो. एको पाव सेकंदावर ठेवला की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर मागचं अक्षर येऊन बसतं. रिक्षा ओरडत जाते : "उद्या... द्या... द्या... पाणी... आणी... येणार... णार... णार... ना..." आणि रिक्षा वळते. आता हा 'नाही' होता की 'नागरिकांनी नोंद घ्यावी' होतं, यावर गल्लीत दोन पक्ष पडतात. एक पक्ष पिंपं भरून ठेवतो, दुसरा पहाटे चारला उठून नळाखाली बादली लावून बसतो. जालन्यात पाण्याचा निरोप ही ललितकला नव्हे. त्यातला एक 'नाही' हरवला तर घरातली धुणी, भांडी आणि शांतता अशा तिन्ही गोष्टी आठवडाभर पुढं जातात.

शेजारच्या गल्लीत अशी रेकॉर्डिंगं करून देणारा एक पोरगा आहे. चांगला, कष्टाळू पोरगा. त्याला एकदा मी म्हटलं, "अरे, बाकी सगळं कर, पण तेवढा एको काढ. शब्द कळत नाहीत."

तो म्हणाला, "काका, एको काढला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. म्हणतं, आवाज नुसता माणसासारखा यायलाय."

यावर मी काय बोलणार? माणसाचा आवाज माणसासारखा येणं हा दोष आहे, ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. आमच्या समाजाची अशी ठाम समजूत झालेली दिसते की महत्त्वाची गोष्ट ही गुहेतूनच बोलली पाहिजे. वाढदिवसाच्या शुभेच्छा गुहेतून, चप्पलचा सेल गुहेतून. यात्रेत लेकरू हरवलं तर त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा गुहेतून. "पिवळा... वळा... वळा... शर्ट... अर्ट..." एका यात्रेत ती घोषणा ऐकताना एक बाई खांबाला धरून उभी होती. तिला 'पिवळा' ऐकू आलं होतं, नाव ऐकू आलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "काय म्हणलं हो? कोणाचं म्हणलं?" तिथं माझा विनोद संपला. ती घोषणा कुणीतरी एको बंद करून केली असती तर फार तर कार्यक्रमाचा रुबाब कमी झाला असता. त्या बाईची ती दहा मिनिटं वाचली असती.

कायद्यानं आवाजाची मर्यादा घातलेली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. पण कायदा आवाज किती मोठा, एवढंच मोजतो. बोललेलं कळलं का, हे मोजायचं यंत्र सरकारकडं नाही. असतं तर त्याचा उपयोग प्रथम कुठं झाला असता, हे मी नोकरदार माणसानं सांगू नये.

गंमत बघा. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत झाला. त्यांचे मनाचे श्लोक २०५. ना माइक, ना मंडप, ना रिक्षा. तरी साडेतीनशे वर्षं ते घराघरांत तोंडातून तोंडात गेले आणि एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर आजी कान पिळत असे. याला म्हणतात प्रतिध्वनी! तो ऐकणाऱ्याच्या मनात उमटायचा असतो. बोलणाऱ्यानं तो घरून करून आणला, की समजावं, ऐकणाऱ्यावर त्याचा भरवसा उरलेला नाही.

दुसरी तक्रार सुरांच्या इस्त्रीची. अमेरिकेत अँडी हिल्डेब्रँड नावाचे एक गृहस्थ होते. जमिनीत हादरे सोडायचे, त्यांचे पडसाद ऐकायचे आणि खाली तेल कुठं आहे ते गणितानं शोधायचं, असा त्यांचा मूळ धंदा. १९९७ साली त्यांनी तेच गणित गाणाऱ्याच्या गळ्याला लावलं आणि 'ऑटोट्यून' काढलं. बेसूर लागलेला सूर हेरून ते त्याला जवळच्या शुद्ध सुरावर ओढून नेतं. आमच्या काही ओळखीच्यांची गाणी ऐकल्यावर मला वाटतं की खाली तेल सापडण्याची शक्यता जास्त होती. १९९८ साली शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते मुद्दाम जास्तीत जास्त जलद लावलं. तिचा आवाज जिना उतरल्यासारखा पायरीपायरीनं हलू लागला आणि जगानं टाळ्या वाजवल्या. तिथं ते शोभलं, कारण ते उघड होतं. ऐकणाऱ्याला कळत होतं की ही गंमत चाललीय.

पण तेच यंत्र आपल्या भजनाला लावलं की काय होतं? आपलं गाणं पायऱ्यांचं नाही, घसरगुंडीचं आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या वाटेवरच सगळा जीव असतो. तिला मींड म्हणतात. हे यंत्र जोरात लावलं की मधली वाट बुजते. त्याच्या लेखी मधे असणं म्हणजे चुकणं. परवा एका भजनी मंडळाचं नवं रेकॉर्डिंग ऐकलं. मंडळातल्या सत्तरीच्या बुवांचा आवाज मला वीस वर्षं माहीत आहे : थोडा फाटका, वर जाताना कापणारा, आणि 'विठ्ठल' म्हणताना असा काही ओलावणारा की टाळ धरलेला माणूस टाळ विसरावा. रेकॉर्डिंगमध्ये तो कंप काढून टाकलेला. फाटकेपणा शिवलेला. बुवा अगदी इस्त्री करून आणल्यासारखे गात होते. त्यांचा मुलगा अभिमानानं म्हणाला, "बघा, एकही चूक नाही!" खरंच नव्हती. फक्त बुवाही नव्हते. उद्या बुवा गेले की नातवंडांनी बाबाचा आवाज म्हणून काय ऐकायचं? दुरुस्ती केलेला आवाज? बँकेत खाडाखोड केलेला चेक आम्ही परत करतो. इथं खाडाखोड करून माणूसच कोरा करून टाकलाय.

आता कुणी म्हणेल, हा बँकवाला म्हातारा झाला, याला काही नवं नको. अहो, पस्तिशी उलटून थोडीच वर्षं झालीत. म्हातारपणाची एंट्री एवढ्यात टाकू नका. आवाजाच्या सोंगाचा मी भोक्ता आहे. रामदास पाध्यांचे अर्धवटराव बोलू लागले की आजही मी आ वासून बघतो. १९९३ सालच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू पाहून रात्री उशीखाली डोकं घालणाऱ्या पिढीतला मी आहे. ती बाहुलीही पाध्यांचीच. टीव्हीवर एखादी पीडित बाई बोलते तेव्हा तिची ओळख लपावी म्हणून तिचा आवाज जाड करतात. तिथं तर या यंत्राला मी हात जोडीन. पण अर्धवटरावांना बोलताना पाहून कुणाला वाटत नाही की लाकडाला वाचा फुटली. सोंग आहे हे बोलणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. या दोघांतला तो करार आहे, आणि माझी तिसरी तक्रार तो करार मोडणाऱ्यांविरुद्ध आहे.

आपल्याकडं बहुरूपी येतो. काही ठिकाणी त्याला रायरंद म्हणतात. कधी फौजदार होऊन दारात उभा राहतो, दरडावून नाव विचारतो, वॉरंट आहे म्हणतो. घरातला कर्ता पुरुष स्वयंपाकघरात पळतो. मग हळूच तो हसतो, हे सोंग आहे म्हणून सांगतो, लग्नाच्या वऱ्हाडाची लांबलचक बडबड ऐकवतो आणि हात पुढं करतो. आपणही हसत दोन पैसे देतो. शतकानुशतकं या कलेचा एकच नियम : आधी सोंग उतरवायचं, मग पैसे घ्यायचे. आताचा बहुरूपी आधी पैसे घेतो आणि सोंग उतरवतच नाही.

२०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाहीर केलं की तीन सेकंदांचा नमुना मिळाला तर त्यांचं यंत्र कुणाच्याही आवाजात बोलू शकतं. तीन सेकंद! आमच्याकडं फोन उचलून "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय? आवाज येत नाही" म्हणण्यातच दहा सेकंद जातात. आवाज बारीकजाड करण्याच्या खेळानं इथवर मजल मारली. २०२५ साली खुद्द आशा भोसल्यांना, आपल्या आवाजाच्या अशा नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि न्यायालयानं त्यांना संरक्षण दिलं. जो आवाज महाराष्ट्रात तान्ह्या पोराला ओळखू येतो, त्यालाही 'हा माझा आहे' असं कोर्टात सांगावं लागलं. मग मोंढ्यातल्या हमालानं आणि मोसंबीच्या बागेतल्या म्हातारीनं कुठं जायचं?

म्हातारीवरून आठवलं. आमच्या काउंटरवर एक मावशी आल्या. मुदत ठेव मोडायची होती, ताबडतोब. पावती पदराच्या गाठीत. नातू पुण्याला शिकतो; त्याचा फोन आला होता की पोलिसांनी धरलंय, पैसे पाठव, कुणाला सांगू नको. आवाज त्याचाच होता, मावशी देवाची शपथ घेऊन सांगत होत्या. सुदैवानं त्या दिवशी सर्व्हर बंद होता. बँकेच्या संथपणाला लोक फार नावं ठेवतात, पण तो समाजाचा शेवटचा तट आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं. सर्व्हर येईपर्यंत विचारलं, "मावशी, नातू काय म्हणाला नेमकं?"

"म्हणला, आजी, तुम्ही घाबरू नका."

"तो तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो?"

मावशी थबकल्या. "न्हाई रे लेकरा. तो मला 'ए म्हातारे' म्हणतो. मला वाटलं, पोलिसांनी लई मारलं असंल, म्हणून इतक्या अदबीनं बोलला."

आम्ही नातवाच्या नेहमीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "काय गं म्हातारे, कशाला फोन केलास?" ते 'म्हातारे' ऐकून मावशींचा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांना धार लागली. शिव्यांचे आशीर्वाद होतात ते असे.

आता मला एवढंच विचारायचंय. बँकेत हजार रुपयांच्या चेकवरची सही आम्ही नमुन्याशी ताडून बघतो. वेलांटी आखूड पडली तरी गिऱ्हाईक परत. दुसऱ्याची सही केली तर तिला आपण खोटी सही म्हणतो. दुसऱ्याचा आवाज काढला तर त्याला 'इफेक्ट' म्हणायचं? कॉम्प्युटरच्या मदतीनं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेलेच तर १९३० या नंबरावर लगेच कळवायची सोय आहे; जितकं लवकर, तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त. हे सगळं आहे. पण कायदा चोरी झाल्यावर येतो. कान आपले, तेव्हा त्यांची राखणही आपणच करायची.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, ज्या निरोपावर कुणाचं पाणी, औषध किंवा लेकरू अवलंबून आहे, त्याला एको लावू नये. बाकी चप्पलचा सेल खुशाल गुहेतून जाहीर करा. दोन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज एकदा तरी, काहीही दुरुस्ती न करता, खोकल्यासकट जपून ठेवावा. आणि तीन, प्रत्येक घरानं आपली एक खूण ठरवावी. पैशासाठी फोन आला, मग आवाज पोटच्या पोराचा का असेना, आधी ती खूण विचारायची. फार अवघड काही नको. "आपल्या आखूडशिंगी म्हशीचं नाव काय रे?" एवढं पुरे. यंत्राला आशाताईंचा गळा काढता येईल, नातवाचा काढता येईल, उद्या माझाही काढता येईल. पण आमच्या म्हशीचं नाव सांगायला त्याला गोठ्यात यावं लागेल. आणि आमची म्हैस अनोळखी माणसाला जवळ उभी करत नाही.